कवळीबाईंच्या विमानातला वास

गावातली निम्मी म्हातारी माणसं तिने केलेल्या दातांनी जेवत होती, त्यामुळे तिचं खरं नाव कुणाला ठाऊक असण्याची गरजच उरली नव्हती. लहानथोर सगळे तिला कवळीबाई म्हणायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवायचे आणि ती घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीपाशी बसून, त्यावरून मेणाची हिरडी करायची, हिरडीत एकेक दात रोवायची, हलवायची, पुन्हा रोवायची. एखादी कवळी टोचते म्हणून परत आली तर कुरकुर नाही की कारणं नाहीत. चष्मा नाकावर ओढायचा आणि कुठे टोचतेय ते शोधायला बसायचं. सापडेपर्यंत उठायचं नाही, मग डॉक्टरांचे फोन वाजत राहोत.

तिच्या नवऱ्याने बसमध्ये कंडक्टर म्हणून जन्म घालवला होता. निवृत्त झाला तरी आवाज बसमधलाच राहिला. स्वयंपाकघरातून "मीठ कुठंय" विचारलं की शेजारी मीठ शोधायला लागायचे. माणूस मोठा प्रेमळ, पण उंचीला घाबरायचा. माळ्यावरचा डबा काढायचा तर स्टुलावर ती चढायची आणि हा खाली स्टूल धरून, डोळे मिटून उभा राहायचा.

अशा माणसाच्या बायकोने चाळिशी उलटल्यावर विमान चालवायला शिकावं, हा त्याच्या मते देवाने त्याच्याशी केलेला विनोद होता. त्याला निमित्त झाला कप्तान. शेतांवर औषध फवारणारी विमानं चालवून तो म्हातारा झाला होता आणि गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर नवशिक्यांना शिकवत दिवस काढत होता. त्याचे पुढचे दात पडले, ते तिने करून दिले. दात इतके बेमालूम बसले की खूश होऊन त्याने तिला विमानातून एक फेरी मारून आणली. ती घरी आली, हातपाय धुतले आणि भाजी आणायला जायचंय अशा सुरात म्हणाली, "अहो, मी हे शिकणार आहे."

आणि शिकली. परवाना मिळाला. पण क्लबचं विमान मागून मागून किती मागणार? तिने सरळ आराखडे मागवले आणि स्वतःचं विमान बांधायला घेतलं. शेपटी घरातच झाली, नवऱ्याच्या पलंगावर छताला टांगून; पुढच्या खोलीत पंखांचे सांगाडे उभे राहिले, त्यांच्यावर तिने कापड ताणून शिवलं. "लोकांच्या घरी पडदे शिवतात, आमच्याकडे पंख," असं नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. पंख बाहेर काढताना दारातून निघेनात, तेव्हा खिडकी चौकटीसकट उखडावी लागली. चौकट परत बसवताना तोच कुरकुरला आणि त्यानेच ती बसवली.

या सगळ्याच्या मध्येच कधीतरी तिला मोठा ताप येऊन गेला. ताप उतरला, पण जाताना नाकातलं सगळं घेऊन गेला. दूध करपून काळं झालं तरी तिला पत्ता नाही; साबण आणि कांदा, दोन्ही सारखेच. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा येणार नाही. ते आलं नाही. ही गोष्ट तिने नवऱ्याखेरीज कुणाला सांगितली नाही. धावपट्टीवरच्या लोकांना तर नाहीच नाही.

इंजिन बसलं, पहिल्याच दिवशी सुरूही झालं. जुन्या पद्धतीच्या कार्ब्युरेटरऐवजी तिने त्याला इंजेक्टर लावले होते, म्हणजे प्रत्येक सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेच्या पाइपात पेट्रोलचा बारीक फवारा सोडणाऱ्या तोट्या. जुळणी सगळी तिची स्वतःची. इंजिन छान गुणगुणत होतं, फक्त वेग एकदम वाढवला की एक उचकी द्यायचं. ती म्हणाली, नवीन आहे, होईल सवय. संध्याकाळी मोठ्या आनंदात घरी आली, तर नवरा दारातच दोन पावलं मागे सरकला.

"काय गं, पेट्रोलपंपावर झोपून आलीस का?"

"हातावर सांडलं असेल."

तिने हात धुतले, कपडे बदलले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेला तर त्याने तिला मागच्या दाराने आत घेतलं. ती आतून थोडी चरकली, पण इंजिन चांगलं चालत होतं, गळती कुठे दिसत नव्हती, आणि आपल्याला न येणाऱ्या वासावर माणसाचा विश्वास बसायला जरा वेळच लागतो.

मग एक दिवस कप्तान सहज धावपट्टीवरच्या तिच्या हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या शेडमध्ये, डोकावला. इंजिन नुकतंच बंद झालं होतं आणि ती आत बसून काटे बघत होती. कप्तानाने केबिनच्या दारातून डोकं आत घातलं आणि तसंच बाहेर ओढलं.

"बाई! टाकी फुटलीय की काय? डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आणि तुम्ही खुशाल आत बसलाय?"

कप्तानाने तिच्याकडे निरखून पाहिलं. आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या थापा ऐकलेला माणूस तो.

"तुम्हाला येत नाहीये का वास?"

"नाही," ती म्हणाली. "तापानंतर गेलाय. पुरता."

कप्तान जवळच्या खोक्यावर बसला. मग म्हणाला, "हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगतो. बस पेटली तर कडेला घेता येते. वर कडेला घ्यायला जागा नसते. ज्याला पेट्रोलचा वास येत नाही त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवू नये. विकून टाका कुणाला तरी. नाहीतर निदान इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला जी भोकं आहेत ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवा, म्हणजे वास आत येणार नाही."

"भोकं बुजवली तर वास कुठे जाईल?"

"बाहेर राहील."

"म्हणजे तापलेल्या इंजिनाच्या पोटात साठेल." ती विमानातून खाली उतरली. "नाही कप्तान. वास येतोय म्हणजे कुठून तरी येतोय. ती जागा सापडल्याशिवाय मी हे उडवणार नाही, हा माझा शब्द. आणि ती सापडल्याशिवाय विकणारही नाही. दुसऱ्या कुणाला जाळायचं का?"

घरी येऊन तिने नवऱ्याला समोर बसवलं.

"अहो, मला तुमचं नाक पाहिजे."

त्याचं नाक होतंही तसंच. दूध नासायच्या बेतात असलं की त्याला उंबऱ्यातच कळायचं. बस तापली तर ड्रायव्हरच्या आधी हा मागून ओरडायचा. पण विमानाच्या हँगरमध्ये त्याने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. तो सावकाश हसला.

"लग्न झाल्यापासून ऐकतोय, माझ्या कामात नाक खुपसू नका. आज काय, आमंत्रण?"

"आमंत्रणच समजा. उद्या सकाळी निघायचंय."

सकाळी तो आला, गळ्याला मफलर, हातात डबा, चेहऱ्यावर दवाखान्यात आणलेल्या मुलाचा भाव. तिने इंजिनावरचं झाकण काढलं आणि त्याला एकेका जोडापाशी नेलं. "इथे?" "आहे." "इथे?" "आहे." "इथे?" "अगं, सगळीकडेच आहे!" थोड्या वेळाने तर त्याला वास येईनासाच झाला. दोघं घाबरले, घरातलं उरलेलं नाकही गेलं की काय! मग लक्षात आलं की नाक त्या वासाला सरावतं. बाहेर मोकळ्या हवेत चक्कर मारून आला की पुन्हा येतो. मग तशीच पद्धत पडली. हुंगायचं, बाहेर जायचं, परत यायचं. शेजारच्या हँगरमधले लोक कामं सोडून बघायला लागले.

तिने प्रत्येक जोड सोडून पुन्हा आवळला, नळ्या बदलल्या, इंजेक्टरच्या रबरी कड्या नव्या घातल्या. पंप सुरू करून नळ्यांत दाब भरला आणि काट्यासमोर बसून राहिली. काटा जागचा हलला नाही. म्हणजे नळ्यांतून एक थेंबही गळत नव्हता. इंजिन चालवलं, बंद केलं. नवऱ्याने नाक मुरडलं.

"येतोच आहे."

"कसा येईल? काटा हलत नाहीये!"

"तुझ्या काट्याला नाक आहे का? मला आहे. आणि अजून एक सांगू? चालू असताना एवढा येत नाही. बंद केलंस की थोड्या वेळाने भपकारा येतो."

"उलट असायला पाहिजे. चालू असताना दाब जास्त असतो."

"असायला काय पाहिजे ते मला माहीत नाही. येतो कधी ते सांगतोय."

तिला पटेना. जरा आवाजही चढला दोघांचा. पण कवळी टोचते म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तिने कधी "टोचत नाही" असं सांगितलं नव्हतं. तिने इंजिन पुन्हा चालवलं, बंद केलं. पुन्हा चालवलं, बंद केलं. दर वेळी तो दाराकडे पाठ करून उभा राहायचा आणि दर वेळी इंजिन थांबल्यावरच हात वर करायचा. त्याचंच खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती घरून साच्यांचं पांढरं प्लॅस्टर घेऊन आली, पिठासारखं बारीक. मऊ ब्रशने तिने ते इंजिनाखाली सगळीकडे भुरभुरलं, पाइपांवर, झाकणाच्या आतल्या बाजूला, कानाकोपऱ्यांत. इंजिन चालवून बंद केलं आणि निवेपर्यंत थांबली. मग डॉक्टर तोंडात घालतात तो लांब दांडीचा चिमुकला आरसा आणि बॅटरी घेऊन ती विमानाखाली उताणी सरकली. प्लॅस्टर सगळीकडे कोरडं ठणठणीत, जोडांखालीसुद्धा. फक्त एका जागी ओला, काळपट डाग होता, तळहाताएवढा. आणि त्या जागेच्या आसपास पेट्रोलची नळीच नव्हती! तिथे होती हवेच्या गाळणीची पेटी.

"हवेच्या पेटीतून पेट्रोल?" ती स्वतःशीच म्हणाली.

पेटी खोलली. आतलं बाकदार नळकांडं पेट्रोलने ओलं होतं. तिने बोट फिरवलं, बोट बाहेर काढून नवऱ्यासमोर धरलं. तो हुंगायला वाकलासुद्धा नाही, लांबूनच म्हणाला, "हाच तो."

ती तिथेच जमिनीवर फतकल मारून बसली. या इंजिनात हवा खालच्या डब्यातून वर चढायची, चार पाइपांतून चार सिलिंडरांकडे. तिने इंजेक्टर बसवले होते पाइपांच्या खालच्या टोकाला, डब्याजवळ, कारण तिथे ऐसपैस जागा होती, पाना सहज फिरत होता. फवारा सुटायचा, पण वरचं वळण आडवं यायचं. पेट्रोल वळणाच्या भिंतीवर बसायचं आणि ओघळून खाली डब्यात साठायचं. इंजिन चालू असताना हवा त्यातलं बरंचसं ओढून वर न्यायची. बंद झालं की ओढायला कुणी नाही. मग साठलेलं सगळं हवेच्या तोंडातून उलटं पेटीत झिरपायचं आणि तापलेल्या झाकणाखाली त्याची वाफ व्हायची. आणि ती उचकी? वेग वाढवला की डब्यातलं ते तळं एकदम वर ओढलं जायचं, दुसरं काय! सवय नव्हतीच ती, आजार होता.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"इंजेक्टरची जागा चुकली. माझीच चूक. मला सोयीची जागा बघितली, पेट्रोलच्या सोयीची नाही."

"मग आता?"

"आता चारही पाइप कापायचे."

त्याने एका पाइपावरून हात फिरवला. ते पाइप तिने घासून घासून आरशासारखे केले होते, हे त्याने घरी डोळ्यांनी पाहिलं होतं.

नव्या पाइपांत इंजेक्टर अगदी वर, सिलिंडरच्या तोंडाशी यायला हवे होते आणि त्यांचा नेम थेट आत येणाऱ्या हवेच्या झडपेवर हवा होता. कोन जरासा चुकला तरी पुन्हा भिंत ओली. तिने सिलिंडरच्या तोंडात मऊ मेण भरून छाप काढला, जसा तोंडाचा काढतात, आणि त्यावरून मेणाचा अख्खा नमुना केला, इंजेक्टर ज्यात बसतो त्या बसक्यासकट, कोनासकट. तो घेऊन ती वेल्डरकडे गेली. त्याला सगळे ठिणगी म्हणायचे, कामामुळे आणि स्वभावामुळेही.

ठिणगीने नमुना उलटसुलट केला. "बाई, हा पाइप आहे, दात नाही."

"कोन हाच पाहिजे."

"अंदाजाने लावतो ना. एवढं काय बघायचं त्यात?"

"तुझ्या आईच्या कवळीला मी अंदाज लावला असता तर चाललं असतं का?"

ठिणगीने नमुना ठेवून घेतला. पण पहिल्या खेपेला त्याने जोडलेले बसके उष्णतेने वाकडे झाले. इंजेक्टर घातला की रबरी कडी एका बाजूला चेपायची, म्हणजे गळतीला नवीन दार. तिने चारही परत नेले. ठिणगी भडकला, म्हणाला, याहून चांगलं होत नाही, दुसरा बघा. ती तिथल्या बाकावर बसली.

"दुसरा बघणार नाही. तूच करशील. थोडं थोडं जोड, मध्ये निवू दे. मी बसते इथे."

आणि खरोखरच बसून राहिली. संध्याकाळपर्यंत ठिणगीचा राग निवला आणि पाइपही. या खेपेला इंजेक्टर असा सरकला की दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

अडचण एकाऐवजी दुसरी, हेही तिला ठाऊक होतं. वरती इंजेक्टर म्हणजे धुराच्या लालभडक नळीचा शेजार. तिने मध्ये पातळ पत्र्याचा आडोसा घातला, पेट्रोलच्या नळ्यांना आगीला दाद न देणारं जाड वेष्टण चढवलं, हात झोंबेपर्यंत आवळलं. पुन्हा प्लॅस्टर भुरभुरलं. इंजिन चालवलं, वेग एकदम वाढवला. उचकी नाही! बंद केलं. दोघं थांबले. नवरा बाहेरून चक्कर मारून आला, झाकणाशी वाकला, केबिनशी वाकला.

"काहीच नाही."

"नीट हुंगा."

"अगं, नाही म्हणजे नाही. तेलाचा येतोय, रंगाचा येतोय. पेट्रोल नाही."

प्लॅस्टर कोरडं होतं. तिने डोळे पुसले आणि प्लॅस्टर गेलं म्हणाली.

पण काम संपलं नव्हतं. विमान उभं असताना वास नाही, धावताना काय? हवेचा झोत सुरू झाला की कुठून काय ओढलं जाईल, कोण सांगणार? आत कुणाचं तरी नाक हवं होतं. ती नवऱ्याकडे बघायला लागली, आणि तो छताकडे.

"मी बाहेरून पळत येतो बाजूने," तो म्हणाला.

"गुडघे बघा आधी आपले."

"उडवणार नाहीस ना?"

"नाही. धावपट्टीवर नुसतं पळवायचं."

"चुकून?"

"चुकून उडत नाही हो ते. उडवायलाच नाकी नऊ येतात."

तो चढला. पट्टा आवळला, वर मफलरही आवळला. विमान धावायला लागलं तसे त्याने दोन्ही हातांनी सीट पकडली, जणू ती सोडली तर विमान वर जाईल. वेग वाढला, शेपटी जमिनीवरून उचलली गेली, आणि तो बसमधल्या आवाजात ओरडला, "येतोय! येतोय! थांबव!"

तिने वेग कमी केला. "काय, वास?"

"वास! इथून, पायांखालून. बारीक आहे, पण आहे."

तिला आधी वाटलं, भीतीने येतोय. पण तो ठामपणे बोट दाखवत होता. हँगरमध्ये आणून तिने विमानाचं पोट तपासलं. टाकीला श्वास घेता यावा म्हणून ठेवलेली बारीक नळी पोटाखाली संपत होती, आणि तिच्या थोडंसं मागे, चाकाचा दांडा जिथे आत जातो तिथे फट होती. विमान धावलं की टाकीची वाफ मागे वाहायची आणि फटीतून नेमकी आत खेचली जायची. उभ्या विमानात हे कधीच कळलं नसतं. तिने नळी लांब करून फटीच्या बरीच मागे नेली आणि फटीला चामड्याचा पडदा शिवला.

परत धावायची वेळ आली तेव्हा ती त्याला काही बोलली नाही. तो आपणच जाऊन आत बसला होता. या खेपेला ओरडला नाही. धावपट्टीच्या टोकाला पोचल्यावर म्हणाला, "स्वच्छ." आणि मग, "उतरू का आता?"

पहिलं उड्डाण एकट्यानेच करायचं असतं, असा नियम. तिने सीटशेजारी वाफ कळली की किंचाळणारं एक यंत्र लावलं. कप्तानाने त्याची परीक्षा घेतली; पेट्रोलचा बोळा जवळ नेला तर ते असं किंचाळलं की त्याची कवळी हलली. मग त्याने झाकण उघडून नवे पाइप पाहिले, आडोसा पाहिला, नळी पाहिली. बराच वेळ घेतला.

"मी लांबी भरा म्हणालो होतो," तो म्हणाला. "बरं झालं ऐकलं नाहीत. जा."

ती गेली. सकाळ स्वच्छ होती, वारा नव्हता. चाकांची खडखड थांबली आणि विमान वर आहे हे तिला त्या शांततेने कळलं. आनंद बिनंद करायला सवड नव्हती. डोळे काट्यांवर, कान इंजिनावर, मध्येच एक नजर यंत्राच्या हिरव्या दिव्यावर. धावपट्टीभोवती रुंद फेऱ्या मारून ती उतरली. खाली नवरा सगळा वेळ हँगरच्या दाराकडे तोंड करून उभा होता. बघितलं नाही, नुसतं ऐकलं. इंजिनाला उचकी लागली नाही, एवढं त्याने मागाहून सगळ्यांना सांगितलं.

लोक अभिनंदन करायला धावले, पण तिने आधी झाकण उघडलं, आरसा घेतला आणि विमानाखाली सरकली. सगळं कोरडं होतं. मग बाहेर आली आणि चाकाला टेकून बसली.

त्या विमानात ती पुढे बरीच वर्षं उडली. धावपट्टीवर कुणाचं नवं इंजिन सुरू झालं की कवळीबाईंच्या मिस्टरांना हुंगायला बोलावणं यायला लागलं, आणि तेही डबा घेऊन ऐटीत जायला लागले. वर मात्र जायचे नाहीत. तिने कधी आग्रह केला नाही. एका सकाळी नवरा तोच मफलर गुंडाळून आला आणि म्हणाला, "चल, दाखव काय ते. पण लवकर उतरायचं."

वर गेल्यावर त्याने डोळे घट्ट मिटले होते. बऱ्याच वेळाने एक डोळा उघडला, मग दुसरा.

"ते लाल छपराचं आपलं का?"

"नीट दिसत नाहीये का? थांबा." तिने पंख थोडासा कलवला.

"दिसलं, दिसलं!" तो सीट धरून ओरडला. "सरळ कर आधी!"

तिने सरळ केलं. तो खाली बघतच राहिला.